अधिग्रहित विहीर : जालना जिल्ह्यातील टंचाईकाळच्या सरकारी पाण्याचा इतिहास

जालना जिल्ह्यात पाऊस हुलकावणी देतो तेव्हा शासन गावांना पाणी पुरवते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते आणि सरकारी अहवालांतही तसेच लिहिले जाते. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांतील टंचाईची व्यवस्था बारकाईने पाहिली, तर हे पाणी बहुतेक वेळा शासनाच्या स्वतःच्या साठ्यातून आलेले नसून कोणा ना कोणा शेतकऱ्याच्या विहिरीतून आलेले दिसते. चांगल्या वर्षी शासनाने तगाई, बँकेचे कर्ज किंवा अनुदान देऊन शेतकऱ्याला विहीर खणायला लावले आणि वाईट वर्षी आदेश काढून त्याच विहिरीचे पाणी गावासाठी ताब्यात घेतले. विहिरीचा मालक अशा रीतीने सरकारी मदतीचा लाभार्थीही ठरला आणि तिचा पुरवठादारही. या दुहेरी नात्याचा इतिहास दुष्काळाच्या प्रचलित वर्णनांत क्वचितच येतो. त्या वर्णनांत रोजगाराची कामे, चारा छावण्या आणि टँकर असतात. टँकर जिथे भरतो ती विहीर आणि तिचा धनी मात्र नसतो.

या जिल्ह्यात विहिरीला इतके महत्त्व का आले, याचे उत्तर जमिनीखाली आहे. दक्षिण सीमेवरची गोदावरी आणि उत्तर-मध्य भागातून वाहणाऱ्या पूर्णा, दुधना व कुंडलिका या नद्या सोडल्या, तर बाकीचा प्रदेश पठारी आहे आणि तो काळ्या बेसाल्ट खडकाच्या थरांवर वसलेला आहे. या खडकात वाळूच्या प्रदेशासारखे सलग भूजल नसते. वरच्या झिजलेल्या भागात, म्हणजे मुरमात, आणि खालच्या भेगांत जेवढे पावसाचे पाणी मुरेल तेवढेच साठते, आणि हा साठा बहुतांशी त्या-त्या वर्षीच्या पावसावर अवलंबून असतो. सरासरीने सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात एक पावसाळा कोरडा गेला की विहिरी माघ-फाल्गुनात तळ दाखवतात, आणि लागोपाठ दोन गेले की पौषातच. शिवाय शेजारी-शेजारी असलेल्या दोन विहिरींत येणारे पाणी बहुधा एकाच थरातून येते, त्यामुळे एकाने उपसा वाढवला की दुसऱ्याची पातळी उतरते. पाण्याची मालकी कायद्याने वेगवेगळी धरली असली तरी पाणी एकच असते. टंचाईच्या काळातले बहुतेक तंटे आणि बहुतेक सरकारी आदेश या एका गोष्टीभोवती फिरत आले आहेत.

शहराची कथा गावांपेक्षा थोडी निराळी आहे, आणि ती आधी सांगून बाजूला ठेवणे सोयीचे होईल. मलिक अंबरच्या काळात जालन्याचा कारभार पाहणाऱ्या जमशेदखानाने मोती तलाव बांधला व तिथून जमिनीखालच्या नळांनी गावातील हौदांपर्यंत पाणी आणले, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. निजामी राजवटीत, १९३०च्या दशकात, कुंडलिका नदीवर घाणेवाडीचा तलाव झाला आणि उताराच्या जोरावर, विजेच्या पंपाविना, त्याचे पाणी शहरात येऊ लागले. पुढे शहर वाढले, गोदावरीकाठच्या शहागडहून पाणी आणण्याची योजना झाली आणि अखेरीस जायकवाडीच्या जलाशयातून जलवाहिनी आली. म्हणजे जालना शहराने प्रत्येक पिढीत दूरचे, सार्वजनिक मालकीचे पाणी मिळवण्याचा प्रयत्न केला. गावांना असा पर्याय बहुधा मिळाला नाही, म्हणून त्यांना शिवारातल्या खासगी विहिरीकडेच वळावे लागले.

आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे भाग औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूरचा भाग परभणी जिल्ह्यात होता, आणि १९४८पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानाचा होता. निजामी महसूल व्यवस्थेत जमिनीची प्रतवारी करताना जिरायत आणि बागायत हा भेद तर होताच, पण बागायतीतही पाटाच्या पाण्यावरची ती पाटस्थळ आणि विहिरीवर मोट लावून भिजवलेली ती मोटस्थळ अशी फोड होती. मराठवाड्यात पाटस्थळ थोडे आणि मोटस्थळ अधिक. बैलांच्या जोडीने चामड्याची मोट ओढून दिवसभरात जेवढे पाणी निघे त्यावर पाव-अर्धा एकर भाजी, थोडा गहू, उसाचा एखादा तुकडा निघत असे, आणि उपशाचा वेगच एवढा मंद असल्यामुळे विहिरीला पुन्हा भरायला वेळ मिळत असे. विहीर पाडणे हे मात्र एकट्या कुणब्याच्या आवाक्याबाहेरचे काम होते. दहा-बारा हात मुरूम खणल्यावर पाषाण लागे, तो सुरुंगाने फोडावा लागे, आणि दोन-तीन उन्हाळे खर्ची पडल्यावरही पाणी लागेलच याचा भरवसा नसे. म्हणून तगाई, म्हणजे शेतीसुधारणेसाठी किंवा आपत्तीत बी-बियाणे व बैल घेण्यासाठी सरकारने द्यायची आणि हप्त्यांनी वसूल करायची कर्जाऊ रक्कम, ही या मुलखात विहिरीच्या इतिहासाची पहिली पायरी ठरली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८३च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने आणि १८८४च्या शेतकरी कर्ज कायद्याने या प्रथेला कायद्याची चौकट मिळाली. संस्थानी मुलखात ती महसूल खात्याच्या हुकुमांनी चालत राहिली.

१८९९-१९०० सालचा दुष्काळ, जो विक्रम संवत १९५६मध्ये पडल्यामुळे लोकांच्या तोंडी छप्पनचा दुष्काळ म्हणून राहिला, मराठवाड्याला अतिशय जड गेला. त्या काळच्या दुष्काळनिवारणाचा सारा भर मजुरी आणि धान्य यांवर होता. हैदराबाद ते मनमाड ही गोदावरी खोऱ्यातील रेल्वे त्याच सुमारास जालन्यावरून पुढे गेली, त्यामुळे धान्य आणणे शक्य झाले. पाण्याचे दुर्भिक्ष मात्र रेल्वेने सुटणारे नव्हते. दुष्काळी कामांवरच्या मजुरांसाठी पाणी जवळच्या विहिरींतूनच आणले जाई, आणि त्या विहिरी गावकीच्या नसल्या तर कोणा पाटलाच्या, देशमुखाच्या किंवा सावकाराच्या असत. पिण्याचे पाणी पुरवणे हे सरकारचे स्वतंत्र कर्तव्य आहे, ही कल्पना तेव्हाच्या राज्यव्यवहारात अजून रुजलेली नव्हती. ज्यांच्याजवळ विहीर होती त्यांच्या मर्जीवर इतरांचे पाणी अवलंबून होते आणि ही मर्जी जातीप्रमाणे कमी-अधिक होत असे. गावाच्या पाणवठ्यावर ज्यांना चढता येत नसे त्यांच्यासाठी टंचाई ही दुष्काळी वर्षापुरती नव्हतीच, ती बारमाही होती. सरकारी पाण्याचा इतिहास लिहिताना हे विसरणे अन्यायाचे होईल, कारण पुढे सार्वजनिक हातपंप आणि टँकर आले तेव्हा त्यांचे खरे मोल याच वस्त्यांना सर्वांत आधी कळले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०पासून महाराष्ट्रात. या बारा वर्षांत राज्यकर्ते तीनदा बदलले तरी विहिरीसाठी कर्ज देण्याचे धोरण चालूच राहिले, किंबहुना वाढले. तहसील कचेरीतून मिळणाऱ्या तगाईच्या जोडीला भूविकास बँका आल्या. या बँका शेतजमीन तारण ठेवून विहीर, पंप आणि पाइपलाइन यांसाठी लांब मुदतीचे कर्ज देत. साठ आणि सत्तरच्या दशकांत खेडोपाडी वीज पोहोचली तशी मोट गेली आणि तीन-पाच अश्वशक्तीची मोटार आली. मोटेने दिवसभरात निघणारे पाणी मोटार तासा-दोन तासांत उपसू लागली. विहिरीतील पाणी जितक्या लवकर शेतात पोहोचू लागले तितक्याच लवकर ते संपूही लागले, आणि हे सारे सरकारी कर्जाने व सवलतीच्या विजेने घडत होते. पुढे भूविकास बँका थकबाकीत बुडाल्या व बंद पडल्या. त्यांच्या कर्जातून खणलेल्या विहिरी मात्र शिवारात आजही उभ्या आहेत.

१९७२ साली पावसाळा जवळजवळ कोरडाच गेला. त्याआधीची दोन वर्षेही ओढीचीच होती. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, आणि या अनुभवातूनच रोजगार हमी योजनेचा १९७७चा कायदा पुढे आला, हे सर्वज्ञात आहे. पाण्याच्या बाजूने या दुष्काळाने दोन गोष्टी कायमच्या बदलल्या. पहिली म्हणजे पाझर तलाव. नाल्यावर मातीचा बांध घालून अडवलेले पाणी कालव्याने न देता जमिनीत मुरू द्यायचे आणि खालच्या अंगाच्या विहिरींनी ते उपसायचे, अशी ही रचना होती. तलाव बांधला सरकारने आणि मजुरी केली भूमिहीनांनी, पण पाझराचा लाभ झाला तो तलावाच्या खाली जमीन व विहीर असलेल्यांना. दुसरी म्हणजे भूजलाचा शास्त्रीय अभ्यास करणारी स्वतंत्र यंत्रणा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही याच काळात उभी राहिली, आणि गावात विंधन विहीर कोठे घ्यावी, कोणती खासगी विहीर उन्हाळ्यात तग धरेल, हे सांगण्याचे काम तेव्हापासून तिच्या भूवैज्ञानिकांकडे आले. विंधन विहीर म्हणजे यंत्राने पाडलेले अरुंद व खोल छिद्र. लोक तिला बोअर म्हणतात.

या विंधन विहिरींच्या इतिहासात जालन्याचे नाव जगभर गेले आहे, पण ते जालन्यातच फारसे कोणी घेत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. नारायण शेषाद्री या मराठी धर्मोपदेशकांनी १८७०च्या आसपास निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसवली, आणि तेव्हापासून स्कॉटिश मिशनचे काम या भागात चालू होते. १९६०च्या दशकात याच मिशनने दुष्काळी गावांसाठी दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांनी बेसाल्टमध्ये विंधन विहिरी घेण्याचे काम हाती घेतले. छिद्र पाडणे जमले, पण त्यावर बसवायचा पंप टिकेना. तेव्हाचे बिडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापरासाठी बनवलेले होते. त्यांवर पहाटेपासून रात्रीपर्यंत साऱ्या गावाची रांग लागली की दांड्याच्या खिळी झिजत, सळई वाकडी ओढली जाई आणि पंप बंद पडे. १९७०च्या दशकात झालेल्या पाहणीत देशातील असे बहुतांश पंप नादुरुस्त आढळले. जालन्याच्या कार्यशाळेत त्यावर जो उपाय निघाला तो साधा होता : पंपाचे धड बिडाऐवजी पोलादाचे जोडकाम करून बनवायचे, दांडा एकाच आसावर फिरवायचा, आणि त्याच्या पुढच्या टोकाला वर्तुळखंडाच्या आकाराचा भाग देऊन त्यावरून साखळी सोडायची, म्हणजे दांडा कसाही हलवला तरी आतली सळई सरळ उभीच वर-खाली होते. हा जालना पंप. सोलापुरात त्यात आणखी सुधारणा होऊन सोलापूर पंप झाला, आणि या दोहोंच्या आधारे भारत सरकार व युनिसेफ यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडिया मार्क टू हा हातपंप सिद्ध केला. त्याचे लाखो नग भारतात बसले आणि आफ्रिकेतील अनेक देशांनीही तो स्वीकारला. जालन्यातील टंचाईतून निघालेली ही एकमेव गोष्ट अशी, की जिने गावाला खासगी विहिरीच्या मालकापासून काही काळ तरी स्वतंत्र केले.

ते स्वातंत्र्य फार काळ टिकले नाही. ज्या यंत्रांनी गावासाठी दोनशे फुटांचे बोअर घेतले तीच यंत्रे ऐंशीच्या दशकानंतर शेतकऱ्यांच्या बांधावर येऊ लागली. पाण्यात बुडून चालणारी विजेची मोटार आली, बोअर तीनशे-चारशे फुटांवर गेले, विहिरींच्या तळातून आडवे बोअर मारण्याची पद्धत सर्वत्र पसरली, आणि हातपंपाखालचे पाणी त्याच्या नळीच्या आवाक्यातून निघून गेले. मराठवाड्याच्या कोणत्याही गावात शाळेजवळ किंवा देवळासमोर दांडा निखळलेला मार्क टू पंप उभा दिसतो. पंप बिघडला म्हणून तो निकामी झालेला नसतो, त्याच्या खालचे पाणी दुसऱ्याच्या मोटारीने आधीच उपसलेले असते.

जिल्हा स्वतंत्र झाल्यानंतर टंचाईच्या कारभाराला आजचे ठरीव रूप येत गेले. दरवर्षी पावसाळा संपताच जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद मिळून टंचाई कृती आराखडा तयार करतात. तो ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत असतो. त्यातील उपाय ठरलेले आहेत : चालू नळ योजनांची विशेष दुरुस्ती, तात्पुरत्या पूरक नळ योजना, नव्या विंधन विहिरी घेणे, जुन्या विंधन विहिरींची दुरुस्ती, सार्वजनिक विहिरी खोल करणे व त्यांतील गाळ काढणे, नदी-नाल्याच्या पात्रात बुडकी म्हणजे उथळ खड्डा घेऊन पाणी धरणे, खासगी विहिरींचे अधिग्रहण, आणि शेवटी टँकर किंवा बैलगाडीने पाणीपुरवठा. बैलगाडीचा हा उल्लेख सरकारी कागदांत अजून तसाच आहे. शासनाच्या दृष्टीने या उपायांचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो. टँकर सर्वांत खर्चिक म्हणून तो सर्वांत शेवटी. त्याच्या आधी जवळची खासगी विहीर मिळते का ते पाहायचे असते.

अधिग्रहणाची रीत पाहिली म्हणजे विहीरमालकाची स्थिती स्पष्ट होते. गावातली सार्वजनिक विहीर आटली की ग्रामपंचायत ठराव करते आणि ग्रामसेवक प्रस्ताव पंचायत समितीकडे पाठवतो. गटविकास अधिकारी, पाणीपुरवठा विभागाचा अभियंता आणि भूवैज्ञानिक यांची पाहणी होते. विहिरीची खोली, पाण्याची पातळी आणि दिवसभर उपसा केल्यावर रात्रीतून पाणी किती चढते, हे तपासले जाते. मालकाचा सातबारा जोडला जातो, बहुधा त्याचे संमतीपत्र घेतले जाते, आणि मग तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी यांचा आदेश निघतो. त्या तारखेपासून मालकाला त्या विहिरीतून पिकाला पाणी देता येत नाही. त्याबदल्यात त्याला दर दिवसाप्रमाणे ठरावीक भाडे मिळते. एकच विहीर कधी स्वतःच्या गावासाठी घेतली जाते, तर कधी तीन-चार कोसांवरच्या गावांचे टँकर भरण्यासाठी. दुसऱ्या प्रकारच्या विहिरीला कार्यालयीन भाषेत टँकरचा उद्भव म्हणतात. ज्या मळ्यात एरवी चिटपाखरू नसते तिथे मग दिवसातून आठ-दहा खेपा होतात, चाकोरी पडते, बांध ढासळतो, आणि वीज रात्री येते म्हणून मालकालाच रात्री उठून मोटार चालू करावी लागते. भाड्याची रक्कम मात्र टंचाई निधी जिल्ह्याला मिळाल्यानंतरच हाती येते, आणि हा निधी पाऊस सुरू झाल्यावर, कधी पुढच्या आर्थिक वर्षात येतो.

या व्यवस्थेला कायद्याचा आधार कोणता, हा प्रश्न दीर्घकाळ अधांतरी होता. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी काढण्याचा जो अधिकार मानला, त्यावर पाण्याची खासगी मालकी उभी होती. त्याला पहिली स्पष्ट मर्यादा १९९३च्या महाराष्ट्र भूजल (पिण्याच्या पाण्याच्या प्रयोजनार्थ विनियमन) अधिनियमाने घातली. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येणार नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी पाणीटंचाईचे क्षेत्र जाहीर केले की अशा उद्भवापासून एक किलोमीटरच्या आतील खासगी विहिरींच्या उपशावर निर्बंध घालता येतील, अशी त्यात तरतूद होती. मालकाला भरपाई देण्याचाही विचार त्यात होता. कायदा कडक होता, पण तो वापरण्यासाठी कोणीतरी तक्रार करावी लागे. ग्रामपंचायतीने ती आपल्याच गावातल्या बागायतदाराविरुद्ध करायची, आणि तो बागायतदार पुष्कळदा त्याच ग्रामपंचायतीचा सदस्य असायचा. त्यामुळे मनाई करण्यापेक्षा भाडे देऊन विहीर घेणे सर्वांनाच सोयीचे वाटले, आणि अधिग्रहण हाच रूढ मार्ग झाला. २००९चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, जो राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१४मध्ये लागू झाला, आणखी पुढे गेला : त्याने विहिरींची नोंदणी आवश्यक केली, ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आणले आणि पाणलोट क्षेत्राच्या पातळीवर भूजलाच्या वापराचा आराखडा करण्याची कल्पना मांडली. जालन्यातील आजच्या बोअरची खोली पाहता या बंधनाचे काय झाले हे वेगळे सांगायला नको.

२०१२-१३चा दुष्काळ या सगळ्या व्यवस्थेची परीक्षा घेणारा ठरला. त्या वर्षी राज्यात सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत जालना अग्रभागी होता. घाणेवाडी तलाव कोरडा पडला, शहरात नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी येऊ लागले, आणि गल्लोगल्ली खासगी टँकरचा बाजार भरला. ग्रामीण भागात सरकारी टँकरसाठी माणशी रोज २० लिटर हे प्रमाण धरले जाते. हजार वस्तीच्या गावाला याप्रमाणे २० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या दोन खेपा लागतात. टँकर बहुधा गावच्या आटलेल्या सार्वजनिक विहिरीतच रिकामा केला जातो. चढाओढीने पोहरे सोडले जातात, तळाशी राहिलेला गाळ ढवळून वर येतो, आणि वीस लिटरांतील पिण्याजोगे किती उरते हे भांडे निवळल्यावरच समजते. खेपेच्या नोंदवहीवर गावातील महिलांच्या सह्या घेण्याची पद्धत पडली ती खेपा चुकवल्या जातात या तक्रारींमुळे. पुढे टँकरवर त्याचा मार्ग दाखवणारी जीपीएस यंत्रेही बसली. परंतु टँकर भरायचा कोठे, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात सर्वांत कठीण होता, कारण अधिग्रहित केलेल्या विहिरीच आटू लागल्या होत्या.

याच वर्षी शासनाच्या मदतीत एक नवी बाब ठळकपणे पुढे आली, आणि ती म्हणजे माणसांसाठी नव्हे तर झाडांसाठी पाणी. जालना हा मोसंबीचा जिल्हा आहे. बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे आणि जालन्याच्या मोसंबीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्वारी किंवा कापूस एका हंगामात गेला तर पुढच्या मृगात पुन्हा पेरता येतो. मोसंबीचे झाड मात्र पाच-सहा वर्षे जोपासल्यावर फळ देऊ लागते, त्यामुळे ते वाळले की एका पिढीची गुंतवणूक जाते. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी २७७ झाडे बसतात. प्रत्येक झाडाला केवळ जीव धरण्यापुरते ३० लिटर पाणी द्यायचे म्हटले तरी एका पाळीला आठ हजारांवर लिटर, म्हणजे जवळजवळ एक टँकर लागतो, आणि अशा पाळ्या पाऊस पडेपर्यंत द्याव्या लागतात. बागायतदारांनी फळे तोडून टाकली, फांद्या छाटल्या, खोडांना बोर्डो मलम लावले, आळ्यांत उसाचे पाचट पसरले, झाडाच्या बुंध्याशी मडकी पुरून त्यांत पाणी ओतले, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा दागिने मोडून पाणी विकत घेतले. केंद्र व राज्य शासनाने बागा जगवण्यासाठी हेक्टरी ३० हजार रुपयांची मदत दोन हप्त्यांत देऊ केली. या रकमेतून बागेचा पूर्ण उन्हाळा निघणे शक्यच नव्हते, आणि पुष्कळ बागांवर अखेर कुऱ्हाड चालली. तरीही दुष्काळात शेतकऱ्याच्या मालकीच्या झाडाला पाणी मिळवून देणे हे शासनाचे काम आहे, असे तत्त्व यातून मान्य झाले, हे महत्त्वाचे मानले पाहिजे. त्यात एक विसंगतीही होती. ज्याच्या विहिरीत थोडे पाणी उरले होते त्याला बाग जगवण्यासाठी अनुदान मिळे आणि त्याच वेळी त्याची विहीर गावासाठी अधिग्रहित होई, अशी उदाहरणे या व्यवस्थेत अटळ होती.

त्यानंतरच्या दशकात मदतीचा ओघ शेततळ्यांकडे वळला. राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून प्लास्टिकचे अस्तर असलेली सामूहिक शेततळी आली, २०१६पासून ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेत ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले, आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणाऱ्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही जालन्याचा समावेश झाला. पावसाचे वाहून जाणारे पाणी धरावे म्हणून ही तळी आखलेली होती, पण अस्तर घातलेल्या कित्येक तळ्यांत पावसाळ्याअखेर विहिरीचे आणि बोअरचे पाणी उपसून साठवले जाऊ लागले. जमिनीखाली सर्वांचे असलेले पाणी वर आणून एकाच्या तळ्यात ठेवले गेले, त्यातले बरेचसे उन्हाने उडून गेले, आणि उन्हाळ्यात शेजारची विहीर अधिकच लवकर आटली. शासनाच्या मदतीनेच टंचाई वाढते, हा अनुभव मोटारीच्या कर्जानंतर येथे दुसऱ्यांदा आला.

याउलट कडवंचीचे उदाहरण आहे. जालना तालुक्यातील या गावात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून १९९६ ते २००२ या काळात माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांध आणि नाल्यावरचे अडथळे अशी कामे झाली. खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र आणि मराठवाडा शेती साहाय्य मंडळ यांनी ती घडवून आणली. आधी शिवारात पाणी मुरवले आणि नंतर शेततळी केली, त्यामुळे २०१२च्या दुष्काळातही कडवंचीच्या द्राक्षबागा टिकल्या. हा क्रम महत्त्वाचा आहे, आणि सरकारी योजनांत नेमका तोच उलटा होत आला आहे.

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तेव्हा त्यात जालना जिल्ह्याचा मोठा भाग होता, आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी जाहीर झालेल्या ४० तालुक्यांत जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड आणि मंठा हे पाच तालुके होते. दोन्ही वेळा जाहीर झालेल्या सवलतींची यादी तीच होती : जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्काची माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, आवश्यक तेथे टँकर, आणि पंपांची वीज न तोडण्याचे आश्वासन. या आठ बाबींत ज्याची विहीर ताब्यात घेतली जाते त्याचा वेगळा उल्लेख कोठेही नाही. पंपाच्या बिलात सवलत त्यालाही मिळते आणि पंप बंद ठेवावा लागल्याची भरपाईही त्यालाच मिळते, पण ती दिवसांवर मोजली जाते. आदेशाच्या दिवशी शेतात उभी असलेली मोसंबी, भाजी किंवा बियाण्याचे पीक, ते किती पाण्याचे होते आणि ते गेले तर काय गेले, याचा हिशेब भाड्याच्या दरात धरलेला नाही. विहिरींची नोंदणी २००९च्या कायद्याने सांगितलेलीच आहे. ती गाववार पूर्ण करावी, अधिग्रहणायोग्य विहिरींची यादी आराखड्यासोबत ऑक्टोबरमध्येच मालकांना कळवावी, म्हणजे ते त्या वर्षी कोणते पीक घ्यायचे हे वेळेत ठरवू शकतील, आणि भाडे उभ्या पिकाच्या नुकसानीशी जोडून टँकर बंद होण्याआधी चुकते करावे. टंचाईत गावाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला शासनाने एवढे देणे आवश्यक आहे.